जाळीच्या कपाटाला चॉक पेंट लावला, पांढऱ्यातून गुलाबी डाग वर येतायत

पणतीवाली:
सासूबाईंचं मिरजेचं जाळीचं कपाट गेल्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलं. सागवानी, दोन दारं, आतल्या फळ्यांना जुना हिरवा ऑइलपेंट. यात दूध-दही, तुपाची बरणी असायची. पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या. त्या वाट्याही आल्यात, एक टवका उडालेली. आता कपबशा ठेवायला म्हणून चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा बिनचमकेचा रंग, लावायला घेतला. याआधी मी रंगवल्यात त्या फक्त दिवाळीच्या पणत्या.

व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या, घासायला नको, पुसा आणि लावा. पुसलं. तयार डबा महाग, म्हणून घरीच कालवला: तीन वाट्या पांढरं इमल्शन, एक वाटी प्लास्टर ऑफ पॅरिस, थोडं पाणी. पहिला हात सुरेख बसला. चहा पिऊन येते तो चौकटीवर गुलाबी-तपकिरी डाग, कुंकवाचं पाणी सांडल्यासारखे. दुसरा हात मारला, त्यातूनही वर. तिसऱ्यातूनही. उरलेल्या रंगाचा वाटीतच दगड झाला तो वेगळाच. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे पॉलिशवाला यायचा हो."

आता काय करू? सगळं खरवडू का?

रंधा-पटाशी:
खरवडू नका ताई. रंगाचा दोष नाही. जुन्या पॉलिशमध्ये लालसर रंग मिसळायचे, शिवाय सागाचा स्वतःचा अर्क असतो. तुमचा रंग पाण्यातला, त्या पाण्यात हे सगळं विरघळून वर येतं. दहा हात मारलेत तरी येणार. मध्ये आडकाठी हवी, ती लाखेची.

हार्डवेअरवाल्याकडे चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, मागा. ५० ग्रॅम चपडा २०० मिली स्पिरिटमध्ये, काचेच्या बरणीत, रात्रभर. गॅसपासून लांब! सकाळी खाली गाळ बसलेला दिसेल, ते लाखेतलं मेण. ते हलवायचं नाही, वरचं निवळ तेवढं घ्यायचं. आत्ताच्या रंगावरूनच दोन पातळ हात द्या, मध्ये तासभर सोडा. मग पांढरा.

पुढच्या वेळी आधी कपाटाच्या पाठीमागे स्पिरिटचा बोळा फिरवून बघा. चिकट लागलं आणि बोळा लाल झाला, की समजायचं लाखेचं पॉलिश आहे. आणि पीओपी थोडंथोडंच कालवा, ते आपल्यासाठी थांबत नाही.

सागवेडा:
सागाला पांढरा रंग?! पुरणपोळीवर केचप घाला म्हणजे झालं.

रंधा-पटाशी:
सागवेडा, कपाट त्यांचं आहे. (मनातून मलाही तसंच वाटतं. पण लाख मध्ये असली की उद्या रंग काढणाऱ्याचे कष्ट वाचतात, तेवढीच सागाची सेवा.)

डोंबिवलीकरीण:
पणतीवाली, मला काळजी त्या आतल्या हिरव्या ऑइलपेंटची वाटतेय. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांना शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, तुमचं कपाट त्याच्या कितीतरी आधीचं. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. आतला रंग पोपडे न धरता घट्ट असेल तर हात लावू नका, फळ्यांवर जाडसर कागद घाला आणि कपबशा ठेवा.

बाहेरून शेवटी मेण लागेल, नाहीतर खडूसारखा पृष्ठभाग बोटांचे डाग धरतो. सुती कापडाने अगदी पातळ, मग चोळून पुसा. मी पहिल्यांदा लोणी थापावं तसं थापलं होतं, आठवडाभर धूळ चिकटत होती. मेण कडक व्हायला तीनेक आठवडे जातात, तोवर ओलं फडकं नको. पाऊस सुरू असेल तर थांबाच.

पणतीवाली:
चपडा मिळाला. दुकानदाराने विचारलं, "पॉलिश करता का मॅडम?" मी ऐटीत हो म्हटलं. दोन हात दिले, काल पांढरा मारला, रात्रभरात एकही डाग नाही. फक्त डाव्या दारावरच्या गाठीतून मुगाएवढा पिवळा ठिपका आलाय, तिथे लाख कमी बसली असावी. तेवढ्यावर बोटाने लावतेय.

आतला हिरवा तसाच ठेवला. सासूबाईंनी दार उघडून आत बघितलं, मग टवका उडालेली वाटी उचलून स्वतःच पायाखाली सरकवली. पाणी मात्र घातलं नाही.