अपाची ठेवू की एन्जिनएक्स? गणपतीआधी ठरवायचंय

खेतवाडीकर:
नमस्कार मंडळी. गिरगावातल्या आमच्या सार्वजनिक मंडळाची वेबसाइट मी सांभाळतो. १ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर), त्यावर उबुंटू लिनक्स, वेब सर्व्हर अपाची, साइट वर्डप्रेसवर. गेल्या चतुर्थीला सकाळच्या आरतीचे फोटो टाकले, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि १५ मिनिटांत साइट बसली. लॉगमध्ये नोंद होती, मेमरी संपली म्हणून कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) मायएसक्यूएल, म्हणजे साइटचा डेटाबेसच मारला.
चाळीतली निम्मी घरं आता विरार-बदलापूरला गेलीत. म्हाताऱ्या माणसांना गर्दीत येणं झेपत नाही, ती साइटवरच दर्शन घेतात. त्या सकाळी एका आजींचे तीन फोन आले, "अरे, बाप्पा दिसत नाही रे." ते अजून मनातून जात नाही.
यंदा अपाचीऐवजी एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर लावावा का? साइट आधी सांभाळणाऱ्या मुलाने अपाचीच्या नियमांच्या फाइलीत, म्हणजे डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये चाळीसेक ओळी लिहून ठेवल्यात, त्यांचं काय?

दादर_पश्चिम:
एन्जिनएक्स लावा, विषय संपला.

मुलुंडकर:
विषय इतक्यात संपत नाही, दादा. खेतवाडीकर, आधी 'अपाचीसीटीएल -व्ही' चालवा, कॅपिटल व्ही. एमपीएम (अपाचीची जोडण्या हाताळायची पद्धत) प्रीफोर्क दिसेल, पैज लावतो. मॉड-पीएचपी असलं, म्हणजे वर्डप्रेसची भाषा पीएचपी अपाचीच्या आतच चालत असली, की उबुंटू तोच लावतो. त्यात प्रत्येक जोडणीला एक अख्खी प्रोसेस अडकते आणि तिच्या पोटात पीएचपी. साधा फोटो द्यायचा असला तरी तीच जाडजूड प्रोसेस. वर्डप्रेसला एकेक ४०-५० एमबी सहज खाते. उबुंटूच्या फाइलमध्ये मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स, म्हणजे अशा प्रोसेसची कमाल संख्या, १५० असते. थोडी मेमरी सामायिक धरली तरी १५० गुणिले ४० करून बघा, १ जीबीत कुठे मावणार?
इगोर सिसोएव्हने २००४ मध्ये एन्जिनएक्स बाहेर काढला तो याच दुखण्यावर. त्याचा एक वर्कर हजारो जोडण्या सांभाळतो, उडुप्याच्या हॉटेलातला एकच वेटर दहा टेबलं फिरवतो तसा. पण पीएचपी तो स्वतः चालवत नाही, त्याला पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपी चालवणारी वेगळी सेवा, लागतेच. आणि डॉट एचटीअ‍ॅक्सेस तो वाचतच नाही, त्या चाळीस ओळी हाताने नव्याने लिहाव्या लागतील.
तुमच्या जागी मी अपाचीच ठेवला असता. प्रीफोर्क आणि मॉड-पीएचपी बंद, एमपीएम इव्हेंट (यातही थोड्या प्रोसेस पुष्कळ जोडण्या सांभाळतात) आणि एफपीएम चालू, त्यात मॅक्स-चिल्ड्रन, म्हणजे पीएचपीच्या प्रोसेसची मर्यादा, ५. जास्तीची माणसं रांगेत थांबतील, पण मायएसक्यूएल मरणार नाही. वर पेज कॅशचं, म्हणजे तयार पान साठवून ठेवणारं प्लगइन टाका म्हणजे दर्शनाच्या पानासाठी पीएचपीला फारसं काम उरणार नाही. फोटोही बघा. मोबाइलचा ५ एमबीचा फोटो तसाच चढवत असाल तर कुठलाही सर्व्हर हात टेकेल.

ठाणे_स्टेशन:
कॅडी या तिसऱ्या वेब सर्व्हरचा विचार केलात का? सुरक्षित जोडणीसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट तो आपणहून घेतो, आपणहून नवं करतो. आमच्या सोसायटीच्या साइटचं एकदा ऐन सभेच्या दिवशी संपलं होतं, तेव्हापासून नवीन साइटला मी तोच लावतो. तुमच्या जुन्या नियमांना मात्र त्याचाही उपयोग नाही.

खेतवाडीकर:
मुलुंडकर, प्रीफोर्कच निघाला. शनिवारी रात्री बदल केला आणि साइटवर एकदम ५०० एरर, म्हणजे सर्व्हरच्या आतच बिघाड. तासभर घाम फुटला. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये 'पीएचपी_व्हॅल्यू' अशी सुरू होणारी एक ओळ होती, फोटोच्या साइझची मर्यादा वाढवणारी. मॉड-पीएचपी गेल्यावर अपाचीला ती कळेना. ती डॉट यूझर डॉट आयएनआय या पीएचपीच्या फाइलमध्ये हलवली, बाकी सगळे नियम जसेच्या तसे चालले.
काल घरून अपाचीबेंच या चाचणीच्या साधनाने एका वेळी २०० जोडण्या सोडल्या. मेमरी ४०० एमबीच्या आसपास मोकळीच राहिली, पान उघडत होतं. गेल्या वर्षीचे फोटो आज लहान करायला घेतलेत, ३१० झाले, अजून बरेच आहेत. आजींना लिंक पाठवली आहे, त्यांच्या फोनवर उघडतंय का ते संध्याकाळी विचारतो.