ताईंची जागा ‘सुरक्षित’ होती?

काही जण म्हणतात की भाजपच्या सुमित्राताई महाजन आठ वेळा लोकसभेवर निवडून आल्या, कारण इंदूर मुळातच पक्षाची सुरक्षित जागा. हे मला पटत नाही. जागा सुरक्षित झाली ती नंतर.

1989 ची निवडणूक आठवा. समोर काँग्रेसचे प्रकाशचंद्र सेठी, म्हणजे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री आणि इंदूरचेच विद्यमान खासदार. ताईंच्या गाठीशी काय? 1982 पासूनची नगरसेवकी आणि उपमहापौरपद. इंदूरच्या रामबागेत आमच्या ओट्यावर आई आणि शेजारच्या काकू दुपारभर मतदारांच्या चिठ्ठ्या लिहीत बसायच्या, मधे चहाचं आधण. सेठींना हरवता येईल असं आमच्या वाड्यात तरी कुणी छातीठोकपणे म्हणत नव्हतं. ताई लाखावर मतांनी आल्या! चिपळूणची माहेरवाशीण इंदूरची सून झाली होती, त्या दिवशी ती सगळ्या शहराची ताई झाली.

त्यानंतर 2019 पर्यंत सलग तीस वर्षं. वाजपेयी सरकारात राज्यमंत्री, 2014 ला लोकसभेच्या अध्यक्ष; मीरा कुमारांनंतरच्या दुसऱ्याच महिला. ऑगस्ट 2015 मध्ये काँग्रेसचे 25 खासदार त्यांनी पाच दिवसांसाठी निलंबित केले, तो निर्णय मला आजही कठोर वाटतो. पण त्यावरून सगळी कारकीर्द मोजू नका.

आणि 2019 ला उमेदवारी लांबत गेली, तेव्हा त्यांनी स्वतःच निवडणूक लढवणार नसल्याचं पत्र काढून पक्षाला मोकळं केलं. त्या दिवशी आई कितीतरी वेळ गप्प बसून होती.