बॉक्सस्टर एस 2003: कमी रनिंगवाली महाग घ्यावी की जास्त रनिंगवाली स्वस्त?

रस्तावेडा:
मंडळी, बरीच वर्षं मनात असलेली गाडी आता घ्यायचीच ठरवलीय, पोर्शे बॉक्सस्टर एस, 986 मॉडेल, 2003 ची, 3.2 लिटर, सहा गिअरची मॅन्युअल. दोन गाड्या बघून आलोय आणि आता काही सुचत नाहीये. पहिली 62 हजार किमी फिरलेली, पेंट चकाचक, आतून नवीकोरी वाटते, पण मधल्या काही वर्षांची सर्व्हिसची कागदपत्रंच नाहीत, मालक म्हणतो गाडी उभीच होती तर सर्व्हिस कशाला करायची. दुसरी 1 लाख 35 हजार किमी, ड्रायव्हर सीटची कड झिजलीय, पुढच्या बंपरवर खडे लागून टवके उडालेत, पण सगळी बिलं तारखेनुसार फाइलला लावलेली आणि क्लच बदलला तेव्हा आयएमएस बेअरिंगपण (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) बदललंय. पहिलीची किंमत दुसरीच्या जवळपास दीडपट. मन पहिलीवर बसलंय हे खरंय, पण दीडपट देणं योग्य आहे का आणि वाजवी किंमत काढायची तरी कशी?

पान्हा_बारा:
जाहिरातीतले आकडे आधी बाजूला ठेव. विकल्या गेलेल्या गाड्यांचे भाव बघ, लिलावाच्या साइटवर जुने निकाल उघडे असतात, त्यातून तेच वर्ष, तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स असलेल्या गाड्या काढ म्हणजे एक पट्टा मिळेल, खालची किंमत आणि वरची किंमत. मग गाडीवर जी कामं ड्यू आहेत त्यांचा लेखी खर्च काढून तो वजा कर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2317 म्हणजे 2017 सालचा 23 वा आठवडा, नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. कमी फिरलेल्या गाडीत हे हमखास दिसतं आणि चार टायरचा खर्च थेट किमतीतून जातो. आफ्टरमार्केट व्हील, एक्झॉस्ट वगैरेचे जास्त पैसे देऊ नकोस, उलट ओरिजिनल पार्ट सोबत देतायत का ते विचार.

फ्लॅटसिक्स:
2003 मध्ये एम96 इंजिन आहे आणि त्यात गोळ्यांच्या एकेरी ओळीचं आयएमएस बेअरिंग. आधीच्या गाड्यांत दुहेरी ओळीचं होतं, ते क्वचितच जातं. एकेरी निकामी होण्याचं प्रमाण 8 टक्के असा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात आला होता, म्हणजे बहुतेक गाड्या ठीक चालतात पण ज्याचं गेलं त्याचं अख्खं इंजिन गेलं. तिथे पोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो म्हणून लोक क्लचबरोबरच ते काम उरकतात, दुसऱ्या गाडीच्या मालकाने नेमकं तेच केलंय आणि त्यात पार्टपेक्षा मजुरीच जास्त असते. पहिली घेतलीस तर हा खर्च तुझ्यावर येणार हे धरूनच चाल. उभी होती म्हणून ऑइल बदललं नाही हे कारण मला अजिबात पटलेलं नाही, ऑइल उभ्या गाडीतही खराब होतं, ओलावा धरतं. बघायला गेलास की ऑइल फिल्टर काढायला लाव, कागदी काडतूस आहे, त्याच्या घड्या उलगडून उजेडात धर. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरव, चिकटले तर लोखंड आहे, तिथूनच परत फिर.

आणि इंजिनच्या कॉम्प्युटरमधून ओव्हररेव्हचा (इंजिन मर्यादेपेक्षा जास्त फिरल्याच्या नोंदींचा) रिपोर्ट मागव, त्यात इंजिन एकूण किती तास चाललंय तेही येतं. किमी भागिले तास, दोन्ही गाड्यांचं काढून इथे टाक.

टपउघडा:
मी थोडी वेगळी बाजू मांडते. कमी रनिंगला किंमत असतेच, विकताना तुम्हालाही ती मिळेल, त्यामुळे ती शून्य धरू नका. पण 986 उभी राहिली की पाण्याने मरते. छताच्या ड्रेनमध्ये पालापाचोळा अडकतो, पाणी आत उतरतं आणि सीटखाली इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) कंट्रोल युनिट आहे तो भिजतो. सीट पुढे घेऊन कार्पेटखाली हात घाला, ओलसर लागतंय का, कुबट वास येतोय का. मागच्या डिकीचं कार्पेटही उचला, कूलंटची टाकी तिथे असते आणि तिला चिरा जातात. पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारा, रेडिएटरसमोर कुजलेला पाला साठला असेल तर तो किती वर्षांचा आहे ते दिसतंच. एवढं सगळं कोरडं आणि स्वच्छ निघालं तर मी पहिलीला दुसरीपेक्षा जास्तच देईन, पण दीडपट नाही.

रस्तावेडा:
रिपोर्ट मिळाले! पहिली 2450 तास, दुसरी 2700. म्हणजे पहिलीचा सरासरी वेग ताशी 25 किमी आणि दुसरीचा 50. पहिलीचं मीटर मागे फिरवलंय का?

फ्लॅटसिक्स:
एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही, सतत ट्रॅफिकमध्ये चालली असेल तर 25 येऊ शकतो. पण इंजिनाच्या हिशेबाने दोन्ही जवळपास सारख्याच वापरल्यात बघ, एक गर्दीत आणि एक मोकळ्या रस्त्यावर, आणि मोकळ्या रस्त्यावरचे तास इंजिनाला कधीही कमी जड जातात. म्हणजे ते जादा पैसे तू पेंट आणि सीटसाठी देणार. रेंज 2 मध्ये काही आहे का? रेंज 1 म्हणजे लिमिटरला (इंजिनाचा वेग आपोआप रोखणाऱ्या मर्यादेला) लागली, त्याचं फार काही नाही. रेंज 2 म्हणजे चुकीचा खालचा गिअर पडून इंजिन जबरदस्तीने फिरलं, ते अलीकडच्या तासांत असेल तर धोका.

रस्तावेडा:
दोन्हीत रेंज 2 शून्य.

पान्हा_बारा:
मग दुसरीची तपासणी तू निवडलेल्या मेकॅनिककडून करून घे, विकणाऱ्याच्या ओळखीच्याकडून नको. गाडी रात्रभर थंड ठेवायला सांग, सकाळी पहिल्यांदा तुझ्यासमोर सुरू झाली पाहिजे, सिलेंडरमध्ये बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून भिंतींवर ओरखडे आहेत का तेही बघायला सांग. त्याचा लेखी अंदाज आला की टवक्यांचं पेंटिंग आणि जे निघेल ते वजा करून ऑफर दे. तोवर टोकन देऊ नकोस. पहिल्या गाडीच्या मालकाला इंजिनाचे तास, टायरची तारीख आणि आयएमएसचा खर्च दाखवून दुसरीपेक्षा थोडीच जास्त ऑफर देऊन बघ, उतरला तर तीही तपासून घे.