अकरा महिन्यांचा करार, सातव्या महिन्यात सोडावा का?

निळी शाई

अकरा महिन्यांच्या करारावर काम करतेय. सात झाले. काल दुसरीकडून कायम नोकरीचं पत्र आलं, पंधरा दिवसांत हजर व्हा म्हणतात. माझ्या करारपत्रात पान तीनवर दोन वाक्यं एकाखाली एक आहेत. पहिलं : कंपनी 15 दिवसांची नोटीस देऊन करार केव्हाही संपवू शकते. दुसरं : कर्मचाऱ्याला मुदतीआधी जाता येणार नाही, गेल्यास दोन महिन्यांचा पगार भरावा लागेल. सही करताना मी दोन्ही वाचली होती, खोटं कशाला बोलू. तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं.

माझं मत, जावं. बाबा म्हणतात, शब्द दिलास ना, मग पुरा कर. "बिनधास्त जा" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, ते मी स्वतःला रोज सांगतेच आहे.

पाचवा मजला

मी बाबांच्या बाजूने. टीम सांभाळतो, म्हणून सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडचा करारावरचा एक मुलगा शुक्रवारी संध्याकाळी मेल टाकून गेला तो गेलाच. सोमवारी ग्राहकाला अहवाल द्यायचा होता. तो ज्या एक्सेल फाइलमधून निघायचा तिला पासवर्ड, आणि याचा फोन बंद. जन्मतारीख, गाडीचा नंबर, सगळं घालून पाहिलं. शेवटी टीममधल्या दोघींनी शनिवार-रविवार बसून मूळ कागदांवरून आकडे पुन्हा भरले. त्यातली एक स्वतः करारावरच होती. कंपनीचं काय वाकडं झालं? काही नाही. जे झालं ते त्या दोघींचं झालं.

अर्धवेळ

साहेब, ही करार मोडल्याची गोष्ट नाही, हलकटपणाची आहे. कायम नोकरीवालाही असाच जाऊ शकतो. आणि अख्खा अहवाल एकट्या माणसाच्या पासवर्डवर चालत होता, ते कोणाच्या देखरेखीखाली?

माझं ऐका. करार अकरा महिन्यांचाच होता. नवव्या महिन्यात सकाळी सांगितलं, प्रोजेक्ट थांबला. दुपारी जरा बाहेर जाऊन आलो तर गेटवर कार्ड चालेना. छत्री आत राहिली ती राहिलीच. तेव्हा कोणाच्या बाबांना शब्द आठवला नाही. फ्रान्समध्ये मुदतीच्या करारावरच्या माणसाला दुसरीकडे कायम नोकरी मिळाली की करार मधेच सोडता येतो, तोही जास्तीत जास्त दोन आठवड्यांच्या नोटिशीवर. तिथे ते रीतसर कारण आहे, गद्दारी नाही.

पाचवा मजला

अर्धा फ्रान्स सांगू नका. तिथे मालकालाही असा करार मनात आलं म्हणून मोडता येत नाही, गंभीर गैरवर्तनासारखं ठोस कारण लागतं. दोन्ही बाजू बांधलेल्या असतात.

अर्धवेळ

मी तेच तर म्हणतोय! हिच्या पान तीनवर एकच बाजू बांधली आहे.

उंटावरचा शहाणा

कायद्याचं थोडं बोलू का? इंग्रजांनी 1859 मध्ये एक कायदा केला होता : उचल घेतलेला कामगार काम टाकून गेला तर मॅजिस्ट्रेट त्याला परत कामावर जायला सांगे, नाही ऐकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. 1925 मध्ये तो रद्द झाला. आज कोणतंही कोर्ट तुम्हाला ओढून खुर्चीवर बसवणार नाही. (लंडनच्या कोर्टाने 1852 मध्ये एका गायिकेला करार मोडून दुसऱ्या थिएटरात गायला मनाई केली, पण पहिल्या थिएटरात गा असा हुकूम काही देता आला नाही. माणसाकडून जबरदस्तीने गाऊन घेणार तरी कसं!)

उरतात पैसे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 म्हणतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देईल. पण "बाँड कोर्टात टिकत नाही" म्हणून छाती फुगवू नका. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा बाँड वैध ठरवला : तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख. जागा पुन्हा भरायची तर जाहिरातीपासून सगळी भरती नव्याने करावी लागते, हा बँकेचा खर्च कोर्टाने मान्य केला.

तेव्हा निळी शाई, एवढं सांगा : कंपनीने तुमच्या प्रशिक्षणावर काही खर्च केला होता का?

निळी शाई

पहिल्या दिवशी लॅपटॉप दिला आणि म्हणाले, शेजारी विचारून घे.

लेखनिक

एचआरमध्ये आहे, म्हणून कोर्टाची भीती बाजूला ठेवते. एवढ्याशा रकमेसाठी कोणी सहसा वकील लावत नाही. हातात ठेवतात शेवटचा पगार आणि अनुभवपत्र, आणि मग तुम्ही मेलवर मेल टाकत बसता. म्हणून न सांगता गायब होऊ नकोस. कंपनीला लागू असलेली 15 दिवसांची नोटीस तूही दे, कामाची यादी जोड आणि "परस्पर संमतीने मुक्त करावे" असं लिहून माग. "राजीनामा देत आहे" लिहिलंस की दुसरं वाक्य लागू झालंच म्हणून समज.

मला विचारशील तर मात्र चार महिने काढावेस. मुलाखतीला येणाऱ्यांच्या बायोडेटात अर्धवट करार एक असला तर मी विचारते. दोन असले की विचारतही नाही, बाजूला ठेवते.

अर्धवेळ

आणि कंपनीने मधेच काढलेले करार? तेही अर्धवटच दिसतात ना बायोडेटात?

लेखनिक

दिसतात. फरक कळत नाही. बरोबर आहे तुमचं, ते अन्यायाचंच आहे.

निळी शाई

आज साहेबांशी बोलले. आदल्या रात्री बसून बारा पानं लिहिली होती : कुठली फाइल कुठे, कुठला अहवाल कोणाला, कोण उशिरा उत्तर देतं. ती पुढे ठेवली. त्यांनी दोन महिन्यांच्या पगाराचा विषयच काढला नाही. म्हणाले, एक महिना थांब, पैसे मागणार नाही. नव्या ठिकाणी फोन केला, ते दहा दिवस वाढवून द्यायला तयार आहेत. म्हणजे पंचवीस. पाच दिवसांवर अडलंय. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "शब्द अकरा महिन्यांचा होता" आणि पेपर वाचायला लागले.

पाचवा मजला

माझं मत तेच आहे. पण बारा पानं लिहून जाणारीला मी पाच दिवसांसाठी अडवलं नसतं.

अर्धवेळ

पैसे मागणार नाही, हे तोंडी की लेखी?

निळी शाई

तोंडी.

अर्धवेळ

मग अजून काहीच ठरलेलं नाही.