२६ फुटी शिडाच्या बोटीवर नक्की कुठली यंत्रं लावू? (मांडवी ते मालवण, मग कारवार)

बेतीकर२६

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात सेकंडहँड शिडाची बोट घेतली, फायबरची, पाण्याखाली सव्वा मीटर, मागे ६ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. गोव्यात ब्रिटोनाला मांडवी नदीत नांगरून ठेवलीय. आधीच्या मालकाने एक बंद जीपीएस आणि एक होकायंत्र ठेवलंय, त्या होकायंत्रातही हा एवढा मोठा बुडबुडा. आत्तापर्यंत आग्वादच्या तोंडापर्यंत आणि एकदा ग्रँड आयलंडला जाऊन आलो, सगळं मोबाईलवर, पण परत येताना भर दुपारी मोबाईल तापून बंदच पडला, मग किल्ला बघत बघत आत शिरलो. डिसेंबरात मालवण आणि जमलं तर नंतर कारवार करायचंय, बायको म्हणते आधी नीट यंत्रं लाव मग मी येते. दुकानदार ९ इंची चार्टप्लॉटर (समुद्राच्या नकाशावर, म्हणजे चार्टवर, आपली जागा दाखवणारा पडदा) रडारसकट गळ्यात मारतोय, मित्र म्हणतो दुसरा मोबाईल घे आणि गप्प बस. बॅटरी एकच, १०० अँपिअर-अवरची. बजेट दीड लाख. आधी काय, नंतर काय, आणि घ्यायचंच नाही असं काय?

शापोऱ्याचा सुकाणू

रडार विसर. तेवढ्या बोटीवर तुझी बॅटरीच खाईल ते.

पहिला पैसा डेप्थ साउंडरवर घाल, म्हणजे बोटीखाली किती पाणी ते मोजणारं यंत्र, आपले मच्छीमार ज्याला सरळ फिशफाइंडर म्हणतात तो. कारण सांगतो. दोन वर्षांमागे शापोरा नदीच्या तोंडात शिरत होतो, प्लॉटरवर २.८ मीटर पाणी, चार्ट नवीनच टाकलेला, मी निवांत चहा पीत सुकाणू धरलेलं. खाली सर्रर्र असा आवाज आला आणि बोट जागच्या जागी उभी. ओहोटी लागलेली, त्यामुळे पुढचे पाच तास कललेल्या बोटीत भिंतीवर बसल्यासारखे बसलो. एक होडीवाला जवळून गेला, म्हणाला पावसात वाळू कुठल्या कुठे सरकते, ते तुझ्या टीव्हीला कोण सांगणार? बरोबरच होतं त्याचं. नदीच्या तोंडावरचा चार्ट म्हणजे कुणीतरी कधीतरी मोजलेलं पाणी, तुझ्या खाली आज किती आहे ते फक्त साउंडर सांगतो. आणि आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो, तुझी सव्वा मीटर बोट त्यात सहज फसते.

लावल्यावर ऑफसेट भरायला विसरू नको. समज सेन्सर पाण्याखाली ४० सेंटिमीटरवर बसला आणि कील (बोटीच्या तळाचा सगळ्यात खालचा भाग) १.२५ मीटरवर संपते, तर उणे ०.८५ भर, म्हणजे आकडा थेट कीलखालचं पाणी दाखवतो. नाहीतर कोण म्हणतो सेन्सरपासून, कोण म्हणतो पाण्याच्या पातळीपासून, आणि ऐनवेळी वजाबाकी करत बसायचं.

तारवाला

साउंडरला अनुमोदन, पण माझ्या मते त्याच्या बरोबरीने व्हीएचएफ, म्हणजे बोटींचा रेडिओ. फिक्स २५ वॉटचा, डीएससीवाला (संकटात एका बटणावर डिजिटल हाक देणारा). मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोडं बाहेर गेलं की भरवशाची नाही आणि मोबाईलवरून तू एकाच माणसाला फोन करतोस, १६ नंबरच्या चॅनलवर आजूबाजूचे सगळे ऐकतात, कोस्ट गार्ड, बंदर, जवळचा ट्रॉलर. लाल बटण दाबलं की चॅनल ७० वरून तुझी ओळख आपोआप जाते आणि सेटला जीपीएस असेल तर जागाही, पण त्यात आधी एमएमएसआय, म्हणजे बोटीच्या रेडिओचा ओळख नंबर, भरलेला हवा, आपल्याकडचे ४१९ ने सुरू होतात. सेट घेऊन आला आणि लावला असं नसतं बरं का, लायसन्स लागतं, डब्ल्यूपीसीकडचे (केंद्र सरकारचं वायरलेस खातं) कागद वेळखाऊ आहेत, आत्ताच सुरू कर.

आता लोक चुकतात कुठे, तर अँटेनात. रेडिओ लहरी जवळजवळ नजरेइतक्याच जातात. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, २.२ ने गुणायचं, एवढे सागरी मैल. डोलकाठीच्या टोकावर १० मीटरवर अँटेना असेल तर साधारण ७ मैल, समोरच्याचीही तेवढीच असेल तर १४. हातातला सेट दीड मीटरवर, त्याचे जेमतेम पावणेतीन. वॉट वाढवून हा फरक भरून निघत नाही. आणि वर अँटेना लावून खाली स्वस्तातली आरजी-५८ केबल ओढलीस तर १५ मीटरमध्ये जवळजवळ निम्मी पॉवर केबलच खाते! जाड केबल घाल, जोड डोलकाठीच्या बुडाशी नीट बंद कर, आपल्या हवेत तांबं एका पावसाळ्यात हिरवं होतं.

वेंगुर्लेकर

एआयएस कोणीच म्हणालं नाही? जहाजं आपलं नाव, जागा, वेग रेडिओवर आपोआप सांगतात ती यंत्रणा. मुरगाव बंदराच्या बाहेर जहाजांची ये-जा बघितलीय का कधी रात्री. २० नॉटने (तासाला २० सागरी मैल) येणारं जहाज तीन मिनिटांत एक मैल कापतं, आठ मैलांवर दिवा दिसला तर तुझ्या हातात २४ मिनिटं. मी तर म्हणतो नुसता ऐकणारा रिसिव्हर नको, छोट्या बोटींचा क्लास बी ट्रान्सपाँडरच घे, त्यांनाही तू दिसशील.

शापोऱ्याचा सुकाणू

@वेंगुर्लेकर घ्यावा, पण या बजेटमध्ये नाही. व्हीएचएफमध्येच एआयएस रिसिव्हर असलेले सेट मिळतात, जहाज दिसतं, नाव कळतं, नाव घेऊन हाक मारता येते. आणि ट्रान्सपाँडर घेतला म्हणून निर्धास्त राहायचं नाही, इथे खरी भीती जहाजापेक्षा जाळ्यांची. थर्माकोलचा तुकडा नाहीतर तेलाचा रिकामा कॅन बांधलेली दोरी, ती एआयएसवर नाही, रडारवर नाही, चार्टवर तर नाहीच. छोट्या होड्या पण कित्येक अंधारात, एक टॉर्च घेऊन बसलेल्या. त्याला उपाय एकच, रात्री त्या पट्ट्यात जायचं नाही. मालवणला पहाटे मतलई वाऱ्यावर (जमिनीकडून येणाऱ्या) निघ, दुपारी वायव्येचा वारा तोंडावर यायच्या आत जेवढं जमेल तेवढं वर सरक. मालवणच्या आसपास खडक आहेत, तिथे उजेडातच शिरायचं. कारवारजवळचं अंजदीव बेट नेव्हीचं आहे, लांबून जा आणि १६ उघडा ठेव.

तारवाला

विजेचा हिशेब राहिला. ९ इंची प्लॉटर दीड अँपिअर धर, २४ तासांत ३६ गेले. लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच वापरायचे, म्हणजे तुझ्याकडे खरे ५०. छोटं आउटबोर्ड चार्जिंगला पाच-सहा अँपिअर देतं, तेही जोरात फिरवलं तर. म्हणून ५ किंवा ७ इंची प्लॉटर बास, साउंडर त्यातच आला तर उत्तम, आणि इंजिन चालू करायला वेगळी छोटी बॅटरी. मोबाईलमध्ये चार्टचं ॲप असू दे पण सावलीत, ज्यादा म्हणून. कागदी चार्ट देहरादूनच्या हायड्रोग्राफिक ऑफिसचा, तो बॅटरी मागत नाही.

अजून एक, माझीच फजिती. व्हीएचएफचा माईक मी टिलर पायलटच्या (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) शेजारी हुकावर लावला. दिसायला एकदम झकास. समुद्रात गेलो तर माईक उचलला की बोट एकीकडे वळायची, परत टांगला की दुसरीकडे. अर्धा दिवस मी पायलटला शिव्या घालत होतो, मग लक्षात आलं की माईकच्या स्पीकरमधला लोहचुंबक पायलटच्या आतलं होकायंत्र ओढतोय. स्पीकर, माईक, मोबाईलचा चुंबकवाला स्टँड, सगळं होकायंत्रापासून हातभर लांब. आणि बुडबुडेवालं होकायंत्र आधी भरून घे बाबा, वीज गेली की तेच.

वेंगुर्लेकर

बरं, पीएलबी तरी? अंगावर बाळगायचा, संकटात उपग्रहाला सिग्नल देणारा डबा. २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत निघालेले नेव्हीचे अभिलाष टॉमी हिंदी महासागरात डोलकाठी मोडून पडले होते, बोट आपल्या गोव्यातच बांधलेली, तेव्हा ईपर्बचाच, म्हणजे बोटीवरच्या तशाच डब्याचा, सिग्नल कामाला आला.

तारवाला

@वेंगुर्लेकर ४०६ मेगाहर्ट्झवाला पीएलबी चालेल, अंगावरच्या जॅकेटला बांधायचा, बॅगेत नाही. नोंदणी इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात. सॅटेलाइट फोन मात्र बाहेरून आणू नका कोणी, परवानगीशिवाय बाळगला तर थेट पोलीस.

बेतीकर२६

एकदम डोकं साफ झालं. रडार कॅन्सल, दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालेलं. साउंडरवाला ७ इंची, एआयएस रिसिव्हरवाला व्हीएचएफ, कागद आजच काढले. एकच शंका, सेन्सरसाठी बोटीला भोक पाडायला जीव होत नाही, आतून चिकटवला तर चालतो का?

शापोऱ्याचा सुकाणू

भरीव फायबर असेल तर चालतो. दोन थरांत फोम किंवा बाल्सा भरलेला असेल तर नाही. आधी प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भर, आत सेन्सर बुडव, पिशवी बोटीच्या तळाशी आतून टेकव आणि ब्रिटोनालाच खोली वाच. मग एक शिशाचा गोळा दोरीला बांधून बाहेर सोड. दोन्ही जुळले तर इपॉक्सी लाव, हवेचा बुडबुडा राहू देऊ नको.