एड-टेकमध्ये पीएचडी: नोकरी सोडावी का?

साताऱ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. एमएस्सी, बीएड झालंय. आयआयटी मुंबईची एज्युकेशनल टेक्नॉलॉजीतली पीएचडी खुणावतेय, पण कोडिंग येत नाही.

↳ ताई, मी याच विषयात पीएचडी केलीय. कोडिंग शिकता येतं. घर्षणाची दिशा पोरं हमखास उलटी काढतात ना? का काढतात, आणि सिम्युलेशनने ते सुटलं की नाही हे तपासायचं कसं, हा खरा विषय. व्हिडिओ काय, कुणीही बनवतं!

↳ पोटापाण्याचंही बघा. प्राध्यापकीच्या जागा तुटपुंज्या. कंपनीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर (शिकवण्याचं साहित्य आखणारे) झालात तर बऱ्याचदा कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगच्या स्लाइड्स वाट्याला येतात.

↳ घर्षणाचं अगदी खरं! चालताना बुटावर ते मागेच लागतं म्हणतात पोरं, लागतं खरं पुढे. बिनपगारी रजेचं विचारते आधी.