माळ्यावरचा डबडा टीव्ही भंगारात द्यावा का?

चिंचेचा_पाला:
नमस्कार मंडळी. आईबाबांची कोथरूडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय, महिनाअखेर फ्लॅट रिकामा करायचाय. माळ्यावरून निघालेला ऐवज: २१ इंची डबडा टीव्ही, २००६ सालचा सीपीयू, चार मोबाइल (एकाची बॅटरी पुरीसारखी फुगलीय) आणि बाबांनी 'लागेल कधीतरी' म्हणून जपलेला वायरींचा अख्खा झोला. आईचं म्हणणं, टीव्ही चालू आहे, द्यायचा कशाला? चालू आहे म्हणजे २०१४ साली चालू होता.

भंगारवाला सगळ्याचे ४०० देतो म्हणतो. भाऊ म्हणतो, देऊन मोकळी हो. पण हार्डडिस्कवर बाबांचे बँकेचे, इन्कमटॅक्सचे कागद आहेत. शिवाय असलं सामान भंगारात देऊ नये म्हणतात. का देऊ नये, ते कुणी नीट सांगेल का? 'वसुंधरा वाचवा' छाप उत्तरं नकोत.

सोल्डर_मास्तर:
ताई, कोल्हापुरात तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, म्हणून सांगतो. तुमचा टीव्ही भंगारवाल्याला नकोच असतो, त्याला त्यातलं तांबं हवं असतं. पिक्चर ट्यूबच्या मानेवर योक कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, ती काढायची घाई. त्या घाईत मान मोडते, फुस्स करून हवा आत शिरते, कॉइल पोत्यात जाते आणि काच ओढ्याकडेला. त्या काचेच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या भागात शिसं घातलेलं असतं, क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून. रंगीत ट्यूबमध्ये ते किलोच्या हिशेबात भरतं. पुढच्या काचेला आतून पावडर असते, तीही श्वासात जायच्या लायकीची नाही. आम्ही ट्यूबा दुकानामागे फोडायचो आणि त्याच हातांनी वडापाव खायचो. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

वायरींचं तसंच. सोलत बसायला वेळ लागतो, म्हणून ढीग पेटवतात. प्लॅस्टिक जळून जातं, तांबं उरतं आणि काळा धूर गल्लीभर. सर्किट बोर्ड दिल्लीच्या सीलमपूरला, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला जातात. तिथे माणसं ते जाळून, ॲसिडात बुडवून धातू काढतात. मुरादाबादची ती काळी राख रामगंगेच्या काठावर पडते.

भंगारवाल्याला शिव्या देऊ नका, मी स्वतः त्याला शेकड्यांनी सेट विकलेत. फक्त ४०० रुपये कशाचे मिळतात ते ओळखा. ते तांब्याचे आहेत. शिसं घ्यायचे पैसे कुणी देत नाही.

तेव्हा टीव्ही अख्खा द्या. स्वतः उघडूही नका, बंद सेटच्या ट्यूबमध्येसुद्धा चार्ज राहतो. मी दोनदा झटका खाल्लाय.

पेठेतली_खवट:
पुण्यातच आहात तर सोपं आहे. कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था ई-कचरा घेते, 'पूर्णम इकोव्हिजन'ची संकलन मोहीमही असते. दुसरीकडे कुठे देणार असाल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आहे का, एवढं विचारा. १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झालेत, यादीत १०६ प्रकारची उपकरणं आहेत, आणि ठरलेल्या प्रमाणात माल रिसायकल करून घेणं उत्पादक कंपन्यांवर बंधनकारक आहे. पण दारात टेम्पो आला की आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, नोंदणी कोण विचारतंय!

हार्डडिस्क: नुसतं फॉरमॅट मारून उपयोग नाही, यादी पुसली जाते, फायली तशाच राहतात. त्यावर पूर्ण नवा डेटा लिहिणारं सॉफ्टवेअर चालवा. सीपीयू सुरूच होत नसेल तर डिस्क बाहेर काढून ड्रिलने आरपार तीन-चार भोकं पाडा, डोळ्यांना चष्मा लावून. मोबाइलमधलं सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. मी एकदा विसरले, तेव्हापासून सांगत सुटलेय.

राईनकाठचा:
इकडे जर्मनीत जुलै २०२२ पासून ८०० चौरस मीटरच्या वरच्या, इलेक्ट्रिक वस्तू ठेवणाऱ्या किराणा दुकानांनाही २५ सेंटीमीटरपर्यंतची जुनी उपकरणं फुकट घ्यावी लागतात. दुधाच्या पिशवीसोबत जुना चार्जर नेतो. जपानने टोकियो ऑलिंपिकची पदकं लोकांच्या जुन्या उपकरणांतून केली, सुमारे ६२ लाख मोबाइल जमा झाले होते. सगळ्या उपकरणांतून मिळून सोनं निघालं जेमतेम ३२ किलो. म्हणजे तुमच्या चार मोबाइलांतून मंगळसूत्राची वाटीसुद्धा होणार नाही, ताई. :)

चिंचेचा_पाला:
मास्तर, आईला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. शिशाचं ऐकून तिने टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल काढून घेतला. संमती समजतेय. बाबांनी मात्र झोल्यातून एक वायर परत कपाटात ठेवली, कशाची ते त्यांनाही ठाऊक नाही. त्या फुगलेल्या बॅटरीचं काय करू? स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवली तर चालेल?

सोल्डर_मास्तर:
घट्ट झाकण नको, गॅस अडकेल. डब्यात कोरडी वाळू घाला, बॅटरी त्यात ठेवा, झाकण नुसतं टेकवा आणि डबा बाल्कनीत सावलीत असू द्या. दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जरला लावून 'बघू चालते का' तर अजिबात नाही. देताना ती वेगळी द्या आणि फुगलीय हे तोंडाने सांगा.